पुरणयंत्रातनं करवंदं आणि ब्लॅक करंट: दोन हंगाम वापरून झाल्यावर लिहितेय

गेल्या वर्षी होळीच्या आठवडाभर आधी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका भांड्याच्या दुकानातनं स्टीलचं पुरणयंत्र घेतलं, मोठ्या साईजचं, दोन चकत्यांचं, एक जाड भोकांची आणि एक बारीक, साडेआठशे रुपये. घेतलं होतं पुरणासाठीच, खरं दीड वर्षात त्यातनं पुरण निघालंय चार-पाच वेळा आणि फळांचा गर निघालाय तीस किलो तरी, त्यामुळं हा रिव्ह्यू पुरणाचा नाही, फळांचा आहे. पुरणाबद्दल एवढंच सांगते की डाळ गरम असताना फिरवली तर सरसर उतरतंय, गार झाली की दंड भरून येतो, ते कुठल्याही यंत्राचं तसंच. ज्यांच्याकडं करवंदं, तुती असली बारीक बियांची फळं घरची निघतात आणि दरवर्षी अर्धी वाया जातात त्यांनी हे नक्की घ्यावं असं माझं मत आहे. फक्त घेताना चकती बघून घ्या, ती कशी बघायची ते पुढं सांगते, आणि जेली करणार असाल तर पहिल्या फेरीत यंत्राला हातच लावायचा नाही.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. शेताला तिन्ही बाजूंनी करवंदाचं कुंपण आहे, आजोबांनी लावलेलं, काटे असे की म्हैस काय कुत्रंसुद्धा आत शिरत नाही. एप्रिलच्या शेवटाला फळं लालसर व्हायला लागतात आणि मे महिना सगळा काळाभोर. लहानपणी आम्ही तिथंच उभं राहून खायचो, फोडून बघायचं आतनं लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, आणि ओठाला चीक लागून संध्याकाळी आईची बोलणी. आता खायला पोरं नाहीत गावात. भाऊ म्हणतो, "अगं तायडे, ने बाई पोतंभर, नाहीतर मिरगाचा पाऊस लागला की सगळी खाली." बेळगावात खडेबाजारला बायका पानाच्या द्रोणात घालून विकतात, कन्नड गिऱ्हाईक कवळी हण्णू म्हणून मागतं, आपली माणसं डोंगरची काळी मैना म्हणून, आणि माझ्याकडं ती पिशव्या भरून येते, मग टाकवत नाही.

आधी काय काय करून बघितलं ते सांगते म्हणजे यंत्राचं मोल कळेल. पहिल्या वर्षी शिजवून मिक्सरला लावली. चार किलो करवंदं गेली. मिक्सरचं पातं बिया फोडतं आणि बी फुटली की सगळ्या गराला तुरट कडवट चव येते, ती साखरेनं झाकत नाही, वर फेस एवढा येतो की जॅम गढूळ दिसतो. दुसऱ्या वर्षी पिठाची चाळण आणि वाटीचं बूड. चव चांगली आली, खरं दोन किलोला दीड तास, मनगट सुजलं, आणि चाळणीची जाळी मधनं खाली गेली ती गेलीच. तिसऱ्या वर्षी एकेक करवंद चिरून बी काढली. ते कुणी करू नये. चिकानं बोटं काळी होऊन एकमेकाला चिकटतात.

आता यंत्राचं. रचना साधीच आहे, वर भांडं, तळाला भोकांची चकती, तिच्यावर एक तिरकं पातं आणि वर फिरवायची मूठ, खाली स्प्रिंग आणि नट. उजवीकडं फिरवलं की पातं गर दाबत खाली ढकलतं, साल आणि बी वर राहतात. दर आठ-दहा फेऱ्यांनी उलटं फिरवायचं, म्हणजे पात्याखाली साचलेला चोथा सुटून वर येतो आणि पुन्हा गर उतरायला लागतो. हे दुकानात कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी मी नुसतीच सुलट फिरवत बसले आणि यंत्र घट्ट झालं म्हणून वैतागले.

करवंदाला माझी पद्धत अशी बसलीय. फळं देठ काढून मिठाच्या पाण्यात अर्धा तास, मग दोन पाण्यानं धुवायची. हाताला खोबरेल लावूनच बसायचं, चीक लागत नाही. पिकलेली तीन भाग आणि लालसर अर्धकच्ची एक भाग, कारण जॅम धरायला जे पेक्टिन लागतं ते अर्धकच्च्या फळात जास्त असतं, आणि आंबटपणा करवंदात मुळातच असतो त्यामुळं लिंबू बिंबू काही लागत नाही. दोन किलो फळाला अर्धा लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात, ॲल्युमिनियमच्या नको, आंबट फळ ॲल्युमिनियमला खातं आणि रंग मळकट होतो. झाकण ठेवून वीसेक मिनिटं, साल बोटानं चिरडली पाहिजे. मग गरम गरमच यंत्रात, बारीक चकती लावून, एका वेळी दोन पळ्या. दोन किलोला मला पंचवीस मिनिटं लागतात आणि दीड किलोच्या आसपास गर मिळतो, गडद जांभळा, रेशमासारखा मऊ, एक बी नाही. वर राहिलेला चोथा बघाल तर नुसत्या बिया आणि पापुद्रे, ओलसरपणासुद्धा नाही, एवढं पिळून काढतं.

साखर गराच्या वजनाएवढी. कमी करू नका, मी हट्टानं एकदा अर्धी घातली होती, बेळगावचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे, श्रावणात बरणीच्या तोंडावर पांढरी बुरशी. विकायच्या जॅमला सुद्धा आपल्याकडं नियम आहे की विरघळलेला घन भाग, म्हणजे साखर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली नको आणि फळ ४५ टक्के तरी पाहिजे. साखर तिथं गोडीसाठी नसतेच, टिकण्यासाठी असते. गोड कमी पाहिजे तर जॅम थोडा करा आणि उरलेला गर फ्रीझ करा, त्याबद्दल खाली आहेच.

आता ब्लॅक करंटचं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. माझी लेक स्कॉटलंडात डंडीला असते. गेल्या वर्षीच्या जुलैला तिच्या बाळंतपणाला गेले तेव्हा सांबऱ्याच्या विमानतळावरनं निघताना जावयाला आवडतात म्हणून पुरणपोळ्या करायच्या म्हणून हे यंत्र बॅगेत घातलं, कुंद्याच्या डब्याशेजारी. आणि तिथं गेल्यावर बघते तर मागच्या अंगणात चार झुडपं, कमरेएवढी, काळ्या मण्यांच्या लोंब्या लागलेल्या. पहिल्यांदा मला करवंदाचीच आठवण झाली. आपल्याकडं ब्लॅक करंट म्हणजे आइस्क्रीमचा फ्लेवर, नाहीतर सुक्या मेव्याच्या दुकानातले ते बारीक काळे मनुके, आणि ते मनुके म्हणजे द्राक्षंच, ग्रीसमधल्या कोरिंथ गावावरनं त्यांना करंट नाव पडलं. हे झाड त्याचं कुणीच लागत नाही. पानाला हात लावला तर एक उग्र वास येतो, आणि फळ तोंडात टाकलं तर आंबट, तुरट, मग मागनं एक खोल सुगंध, तो मला अजून सांगता येत नाही, करवंदात तसा नाही. क जीवनसत्व भरपूर असतं, शेजारची एक म्हातारी बाई सांगत होती की महायुद्धात संत्री यायची बंद झाली तेव्हा सरकार लहान मुलांना ह्याचंच सिरप द्यायचं, तिनं स्वतः प्यायलं होतं.

बेळगावात लावायचा विचार कुणी करत असेल तर नका करू. ह्याला हिवाळ्यात सात अंशाच्या खालची थंडी हजाराहून जास्त तास लागते, आपली डिसेंबरची पहाट कितीही कुडकुडवणारी असली तरी दुपारी ऊन येतंच. तिथली लेकीची झुडपं बेन सारेक जातीची आहेत, बुटकी जात. डंडीच्या पश्चिमेला लागूनच इन्व्हरगाउरी म्हणून जागा आहे, तिथल्या संशोधन केंद्रात ह्या बेन नावाच्या जाती तयार झाल्या, बेन म्हणजे तिकडच्या भाषेत डोंगराचं शिखर. म्हणजे तिकडची पण डोंगरची मैनाच की. डंडी तसं जॅमचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, ज्यूट, जॅम आणि पत्रकारिता ही तीन नावं त्या गावाला जोडून घेतात.

ह्या फळाची कटकट तोडण्यात नाही, निवडण्यात आहे. पक्ष्यांसाठी जाळं टाकलेलं असतं ते उचलायचं आणि लोंबीच्या लोंबी तोडायची. फळ येतं ते मागच्या वर्षीच्या फांदीवर, आणि दरवर्षी जुन्या फांद्यांतला तिसरा हिस्सा छाटावा लागतो, तर काहीजण फळासकट जुनी फांदीच कापतात आणि खुर्चीवर बसून निवडतात, छाटणी आणि तोडणी एकदम, मला हे फार आवडलं. खरं नंतर प्रत्येक दाण्याला एका टोकाला बारीक देठ आणि दुसऱ्या टोकाला वाळलेल्या फुलाचं शेपूट. देठासाठी काटा वापरतात, जेवायचा काटा हो, लोंबी काट्याच्या दातांत धरून खाली ओढली की दाणे टपाटप भांड्यात. ते झालं, खरं शेपटं? लेकीला नववा महिना, पाय सुजलेले, आणि नखानं एकेक शेपूट खुडत बसलेली. अर्धा किलोला पाऊण तास. मी म्हटलं, "सोनू, ऊठ तू, पाय वर घेऊन बस, ते यंत्र काढते."

आणि इथं ह्या पुरणयंत्रानं जे काम केलं त्यासाठी मी त्याला पाचात पाच देते. लोंब्या नुसत्या धुतल्या, मोठे देठ काट्यानं ओढले, शेपटं तशीच, एक किलोला पाव लिटर पाणी घालून दाणे फुटेपर्यंत शिजवले आणि बारीक चकतीतनं फिरवले. शेपटं, राहिलेले देठ, साली, बिया, सगळं वर. खाली काळा-जांभळा दाट गर. तीन किलोचं काम पाऊण तासात, आणि निवडत बसलो असतो तर दिवस गेला असता. तिकडं असलंच हातानं फिरवायचं यंत्र मिळतं, मूली म्हणतात, फ्रान्समध्ये जाँ मांतले ह्या माणसानं १९३२ साली भाज्या गाळायला काढलं आणि पुढं त्यातनंच मूलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. म्हातारीनं तिची मूली आणून दाखवली, आमचं पुरणयंत्र शेजारी ठेवलं, सख्ख्या बहिणी. तिच्या मूलीला खाली घडीचे हात आहेत, पातेल्याच्या काठावर ती छान अडकून बसते, ते आपल्यापेक्षा चांगलं. खरं पातं आणि दाब आपल्या यंत्राचा जास्त, तिनं स्वतः फिरवून बघितलं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. तिकडचा खरा ब्लॅक करंट जॅम हा गराचा नसतो, अख्ख्या दाण्यांचा असतो, चमच्यात दाणा आला पाहिजे आणि दाताखाली फुटला पाहिजे. तो पाहिजे असेल तर यंत्र उपयोगाचं नाही, निवडायलाच पाहिजे, फार तर शेपटं तशीच ठेवा, शिजून मऊ होतात, फारसं कळत नाही. त्या जॅमची एकच अट, साल पूर्ण मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही. एक किलो फळाला साधारण पाऊण-एक लिटर पाणी, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, दाणा दोन बोटांत धरल्यावर विरघळला पाहिजे, मगच दीड किलोच्या आसपास साखर. साखर लवकर पडली की साल घट्ट होऊन बसते आणि मग कितीही उकळा, छर्रे चावल्यासारखं लागतं. लेकीच्या मैत्रिणीनं दिलेल्या बरणीत तसंच झालं होतं, आणि मी आधी समजले की हे फळच असं असतं. आमचा गराचा जॅम त्यामानानं श्रीखंडासारखा गुळगुळीत, पोळीला लावायला एकदम छान, बाळाच्या आत्यानं चार बरण्या नेल्या. दोन्ही प्रकार आपापल्या जागी चांगले आहेत, मला गराचा आवडतो.

जेलीचं वर म्हटलं होतं. जेली म्हणजे नुसता रस आणि साखर, काचेसारखी आरपार दिसली पाहिजे. यंत्र दाबून गर काढतं, गर आला की जेली गढूळ. त्यामुळं फळ भरपूर पाण्यात शिजवायचं आणि श्रीखंडाचा चक्का टांगतो तसं पंच्यात बांधून रात्रभर टांगायचं. जेलीला देठ, शेपटं काहीच काढायला नको, सगळं गाळणारच आहे. फक्त पिळायचं नाही. चक्क्याला आपण शेवटी पिळतो ना, त्या सवयीनं हात जातोच, माझा गेला, आणि सकाळपर्यंत थेंब थेंब गळलेला सुंदर रस दोन सेकंदात धुरकट झाला. जो थेंबानं पडेल तोच घ्यायचा. एक लिटर रसाला पाऊण किलो साखर, विरघळली की मोठ्या आचेवर उकळायचं. करवंदाची जेली अशीच करते, आणि ती ब्लॅक करंटच्या तोडीस तोड धरते, रंग तर माणकासारखा, खिडकीत बरणी ठेवली की उन्हात बघत राहावं.

खरं पंच्यात जो लगदा उरतो तो टाकू नका, तिथं यंत्र परत कामाला येतं. लगद्यात वाटीभर पाणी घालून एक वाफ द्यायची आणि यंत्रातनं फिरवायचं, अजून बराच गर निघतो, त्यात साखर घालून आटवलं की वड्या पडतात. आमच्या घरी जेलीपेक्षा ह्या वड्या आधी संपतात.

उकळून झालं की नाही ते कसं बघायचं, ह्यात मी मोठा धडा शिकलेय. डंडीला लेकीनं मला थर्मामीटर घेऊन दिला, तिथं १०४ ते १०५ अंशाला जॅम बरोबर बसायचा, खाडीच्या काठचं गाव, म्हणजे समुद्रसपाटीच. तोच थर्मामीटर घेऊन ह्या वर्षी मे महिन्यात बेळगावात करवंदाचा जॅम चढवला आणि १०५ ची वाट बघत बसले. येता येईना. आला तेव्हा पातेल्यात चिक्कीचा पाक झाला होता, गार झाल्यावर चमचा उभा राहिला. मग जावयानं फोनवर सांगितलं की बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, इथं पाणीच शंभरला उकळत नाही, साधारण साडेसत्त्याण्णवला उकळतं, दर तीनशे मीटरला एक अंश कमी होतो. म्हणजे जॅमचा अंशही तेवढाच खाली, आपल्याकडं १०२ ला गॅस बंद. आता मी आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बुडवते, जो आकडा येईल त्यात साडेचार मिळवते, तो माझा आकडा. खानापूर असो, जांबोटी असो, आंबोली असो, ही रीत कुठंही चालते. थर्मामीटर नसेल तर बशी फ्रीजमध्ये गार करायची, त्यावर थेंब टाकायचा, मिनिटभरानं बोटानं ढकलायचा, सुरकुती पडली की झालं. ही परीक्षा करताना गॅस बंद ठेवा, नाहीतर तेवढ्यात पुढं जातं.

फ्रीझिंगबद्दल. ब्लॅक करंट लोंबीसकटच ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि दगड झाले की पिशवीत घालून पिशवी झटकतात, देठं आपोआप तुटतात. निवडायचं काम निम्म्यानं कमी. हे मला तिथं शेवटच्या आठवड्यात कळलं. करवंदाला देठ आधीच काढावा लागतो कारण चीक तिथंच असतो, बाकी तसंच, कोरडं करून ताटात एका थरात, मग पिशवीत, हवा काढून. एकदम पिशवीत भरली तर एकच मोठा गोळा होतो, मग हातोडीनं फोडा. वितळल्यावर फळ लिबलिबीत होतं, खायला नको, जॅमला मात्र काही फरक पडत नाही. एवढंच की फ्रीझ केलेल्या फळाचं पेक्टिन थोडं उतरतं, तर फळ दहा टक्के जास्त घ्यायचं.

मी आता फळापेक्षा गरच फ्रीझ करते. यंत्रातनं काढलेला बिनसाखरेचा गर पाव-पाव किलोच्या डब्यांत, वर बोटभर जागा सोडून कारण गोठल्यावर फुगतो. तीन किलो फळ ठेवायला जेवढी जागा लागायची त्याच्या निम्म्यात काम होतं. पावसाळ्यात लाईट जाते त्याची भीती सगळ्यांनाच, तर डीप फ्रीझर गच्च भरलेला असला आणि दार उघडलं नाही तर दोन दिवस माल टिकतो, अर्धा भरलेला असला तर एक दिवस, म्हणून मी मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. दिवाळीला भाऊ आला की ह्या गराचं सरबत करते, नाहीतर गरम गरम वरण-भातासोबत करवंदाची गूळ घातलेली चटणी, बेळगाव बासमतीचा भात असला तर अजून काही नको वाटतं.

आता यंत्राच्या खोड्या. पहिली, पाय. तीन बारके पाय आहेत आणि ते पातेल्याच्या काठावरनं सरकतात, गरम गर अंगावर उडू शकतो, माझ्या मनगटावर डाग आहे अजून. पातेल्याखाली ओलं फडकं आणि पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले, आता हलत नाही. दुसरी, स्प्रिंग. भांडं स्टीलचं, चकती स्टीलची, स्प्रिंग मात्र स्टीलची नव्हती, आंबटानं दोन महिन्यांत गंजली आणि ढिली पडली, ढिली पडली की पातं बियांवरनं नुसतं घसरतं. दुकानात घेऊन गेले तर आधी म्हणाले, "अक्का, हे पुरणाचं आहे, तुम्ही फळं घातलीत," खरं मग त्यांनीच पेटीतनं जाड स्टीलची स्प्रिंग शोधून बसवून दिली, वीस रुपये घेतले, नट फुकट. घेतानाच स्प्रिंगला लोहचुंबक लावून बघा, जोरात चिकटली तर बदलून मागा. तिसरी, अर्धकच्च्या करवंदाचा चीक चकतीच्या भोकांत बसतो आणि साबणानं अजिबात जात नाही. आधी गोडं तेल चोळायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग गरम पाणी आणि साबण. जांभळं घालू नका ह्यात, बी मोठी असते, पातं अडकतं, मूठ वाकते.

आणि चकती. पहिलं यंत्र मी डंडीला लेकीकडंच ठेवून आले, परत आल्यावर त्याच दुकानात दुसरं घेतलं, तोच शिक्का, तेच खोकं, नऊशे रुपये. घरी येऊन तुती घातली तर सगळ्या बिया खाली. बारीक म्हणून दिलेल्या चकतीची भोकं ह्या वेळी मोठी होती, माल बदलला होता. मग मी पुडीत मोहरी घेऊन गेले, मोठी मोहरी, आणि दुकानदाराला म्हटलं की जिच्यातनं ही पडणार नाही ती चकती द्या. त्यांनी एकेक काढली, तीन चकत्यांतनं मोहरी खाली गेली, चौथीत अडकून राहिली. ती घेतली, वरनं पैसे मागितले नाहीत, आणि म्हणाले की आता आम्ही पण मोहरीनंच बघून देतो. ब्लॅक करंटची बी मोहरीएवढीच असते आणि करवंदाची तर किती मोठी, त्यामुळं ही परीक्षा पुरेशी आहे.

काल रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला होता, ह्या जुलैला सहा किलो ब्लॅक करंट निघाले, सगळे त्या पहिल्या यंत्रातनं काढले, नात खुर्चीला धरून उभी राहून मुठीकडं बघत होती आणि तोंड जांभळं. तिकडच्या यंत्राची स्प्रिंग आता ढिली पडलीय म्हणाली. पुढच्या महिन्यात जावयाचा मित्र जाणार आहे डंडीला, त्याच्याकडं दोन स्प्रिंगा आणि करवंदाच्या वड्यांचा डबा द्यायचाय, स्प्रिंगा आणून ठेवल्यात, लोहचुंबक लावून.